माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेला बिल्ला आणि आमचा परळ मतदारसंघ : तुमच्याही आठवणी सांगा

लालबागची_लेक
चाळ रिकामी करायची नोटीस आलीये म्हणून रविवारपासून माळा उपसतेय. आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत नऊवारीच्या घडीखाली एक गंजलेला बिल्ला सापडला, विळा-कणसाचा. हातच थांबले माझे. कारण आमचं घर पक्कं सेनेचं, आजोबा पहिल्यापासून शाखेत, दारावर वाघ. आणि त्याच घरात हा बिल्ला इतकी वर्षं जपून ठेवलेला.

मग आठवलं, मी शाळेत असताना आजीने भाकऱ्या थापता थापता एकदा सांगितलं होतं. १९७० ची परळची पोटनिवडणूक. जूनमध्ये कृष्णा देसाईंचा खून झाला, कम्युनिस्ट पक्षाचे आमदार होते ते, लालबागेत घरोघरी ओळखीचे. ऑक्टोबरात मतदान. एका बाजूला त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई, दुसऱ्या बाजूला सेनेचे वामनराव महाडिक. आजोबा महाडिकांसाठी रात्र रात्र भिंती रंगवत होते. महाडिक आले, दोन हजारांच्या आतल्या फरकाने, आणि सेनेचा पहिला आमदार आमच्या परळातून विधानसभेत गेला. हे आजोबांकडून शंभरदा ऐकलंय. आजीचं मात्र एकदाच, "मी त्या बाईला दिलं. तिचा नवरा नेला, आणि मतही नाही द्यायचं होय?" आजोबांना सांगितलंस का विचारलं तर म्हणाली, मत काय सांगायची गोष्ट असते का.

आता आजी नाही, आजोबा नाहीत, परळ मतदारसंघही नाही, २००९ पासून आम्ही शिवडीत. तुमच्या घरातल्या मतदानाच्या आठवणी लिहा ना, कुठल्याही मतदारसंघाच्या चालतील.

भोईवाडा_नाका
वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे उलटं होतं, वडील लाल बावट्याचे आणि काका सेनेचे, एकाच खोलीत. निकालाच्या दिवशी काका पेढे घेऊन आले आणि आईने ते देवापुढे न ठेवता नुसते फडताळात ठेवले, एवढंच भांडण. पण एक लक्षात घ्या, ती सीट सेनेकडे राहिली नाही. ७२ ला अख्ख्या राज्यातून सेनेचा एकच आमदार आला, तोही गिरगावातून, प्रमोद नवलकर. ७८ ला तर एकही नाही. लोक म्हणतात गिरणगाव एका रात्रीत भगवं झालं, तसं काही नव्हतं, माणसं पंधरा-वीस वर्षं इकडून तिकडे जात होती. आमच्या वडिलांचंच बघा, १८ जानेवारी ८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ८४ च्या डिसेंबरात लोकसभेला संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत अपक्ष उभे राहिले. इंदिराबाईंची हत्या झालेली, देशभर काँग्रेसची लाट, आणि इथून डॉक्टर निवडून आले. वडिलांना तीन वर्षं पगार नव्हता. तरी मतदानाला इस्त्रीचा शर्ट घालून गेले, तांब्यात निखारे घालून आईने इस्त्री केली होती. तो शर्ट मला अजून दिसतो, पांढरा, कॉलर उलटून शिवलेली.

माझगाव_डॉक
ताई मस्त धागा. आमचं माझगाव पण लिहा की कोणीतरी!! ८५ ला सेनेचा एकुलता एक आमदार आमचा, छगन भुजबळ, निशाणी मशाल. तेव्हा धनुष्यबाण नव्हता हे आजकालच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. मग ९५ ला तेच भुजबळ काँग्रेसकडून उभे आणि बाळा नांदगावकरांनी पाडलं. गल्लीत दिवाळी होती त्या रात्री. बाकी संध्याकाळी लिहितो, ट्रेन आली

कणीक_मळते
निशाण्यांवरून आठवलं. माझी आई लिहायला वाचायला शिकली नव्हती पण सगळ्या निशाण्या पाठ. बैलजोडी गेली, गायवासरू आलं, मग हात आला, आणि तिची तक्रार की काँग्रेसवाले सारखं गुरंढोरं बदलतात मी लक्षात किती ठेवू. खटारा, झोपडी, नांगरवाला शेतकरी. आम्ही पोरं तर ज्याचे बिल्ले मिळतील त्याच्या मागे. सकाळी एका पक्षाच्या जीपमागे घोषणा, दुपारी दुसऱ्याच्या. कागदी झेंडे गोळा करून गणपतीत पताका करायचो

शिवडी_क्रॉसरोड
@लालबागची_लेक बिल्डिंग होईपर्यंत राहायला ट्रान्झिट कुठे दिलंय?

लालबागची_लेक
ट्रान्झिट नाही, भाडं देतायत. लालबागेत त्या भाड्यात काही मिळत नाही, आईला घेऊन डोंबिवलीला जातोय. तीन वर्षं म्हणालेत.

शिवडी_क्रॉसरोड
आमचे पण तीन म्हणाले होते, सातवं चालू आहे. ॲग्रीमेंटची कॉपी स्वतःकडे ठेवा ताई, आणि भाड्याचे चेक आगाऊ घ्या. घाबरवत नाहीये, काळजीने सांगतोय.

कारकून_निवृत्त
मी नोकरीत असताना बऱ्याच वेळा इलेक्शन ड्युटी केली. आदल्या दिवशी सामान ताब्यात घ्यायचं, पत्र्याची पेटी, मतपत्रिकांचे गठ्ठे, लाख, सुतळी, शाईची बाटली, आणि रात्री शाळेच्या बाकांवरच झोपायचं. कागदी मतपत्रिकेवर फुलीचा शिक्का असायचा, म्हाताऱ्या बायका तो दोन निशाण्यांच्या मधोमध उठवायच्या आणि मोजणीत त्या एका मतावर दोन्हीकडचे एजंट अर्धा अर्धा तास वाद घालायचे. २००४ पासून मशीनच, मोजणी दुपारपर्यंत आटपायला लागली. मला आठवतात त्या पहाटे सहाला रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका. नळाला पाणी यायच्या आत मत देऊन परत जायचं असायचं त्यांना. "साहेब सातला उघडाल ना नक्की" असं विचारायच्या. मी एकदाही सात वाजून एक मिनिट होऊ दिलं नाही.

कणीक_मळते
काका 🙏 पाण्याचं अगदी खरं. आमच्याकडे पण आई आधी मत मग हंडे

पार्ल्याची_सून
माझं माहेर नायगाव, सासर पार्ले. पार्ल्याची ८७ ची पोटनिवडणूक सासूबाई अजून सांगतात, डॉ. रमेश प्रभू निवडून आले आणि मग कोर्टात गेलं ते प्रकरण, धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून हायकोर्टाने ८९ ला निवडणूक रद्द केली, ९५ ला सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. त्यावरूनच पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला होता. माझं पहिलं मत ९० चं. त्याआधी एकवीस लागायचं ना, ८९ ला अठरा झालं, म्हणून मी आणि मोठी बहीण दोघी एकदमच पहिल्यांदा गेलो. तिला तीन वर्षं जास्त थांबावं लागलं याचा तिला अजून राग आहे 😄

माझगाव_डॉक
आलो. तर पुढचं. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत शहरातल्या विधानसभेच्या जागा १७ च्या १० झाल्या. गिरण्या बंद, माणसं उपनगरात नाहीतर कल्याण-विरारला, तिथे आकडे वाढले इथे कमी झाले. परळ गेलं, माझगाव गेलं आणि शिवडी नावाचा एक मतदारसंघ झाला, नंबर १८३. २००९ ला तिथे कोण समोरासमोर? परळचे दगडू सकपाळ सेनेकडून आणि माझगावचे नांदगावकर मनसेकडून. दोन जुन्या मतदारसंघांची जणू कुस्तीच. नांदगावकर आले, मुंबईत मनसेच्या सहा जागा आल्या त्यातली ही एक. १४ ला अजय चौधरींनी परत सेनेकडे आणली, १९ ला तेच, २४ ला परत नांदगावकर विरुद्ध चौधरी आणि चौधरीच. आणि निशाणी कुठली? सेना फुटल्यावर उद्धव ठाकरेंकडे आलेली मशाल! मी ८५ ला बापाच्या खांद्यावर बसून जी मशाल बघितली तीच ३९ वर्षांनी मशीनवर दाबली. बटण दाबून मी तिथेच जरा उभा राहिलो, मागून आवाज आला चला काका

गणेशगल्ली_बी
२४ ला आमच्या घरात बापाने मनसेचं इंजिन मुलाने मशाल. जेवायला एकत्रच बसलो.

भोईवाडा_नाका
@माझगाव_डॉक सगळं बरोबर पण एक सांगतो. तुमच्या लिहिण्यात सगळी सेना विरुद्ध मनसे. ज्या परळने कृष्णा देसाईंना निवडून दिलं तिथे आज लाल बावट्याचा बूथसुद्धा लागत नाही. आमच्या वडिलांनी मरेपर्यंत तीच निशाणी शोधली, उमेदवार नसला की घरी येऊन गप्प बसायचे. लाल बावट्याचं ऑफिस होतं त्या दळवी बिल्डिंगवरून बस गेली की अजून मान वळते माझी. कुणावर राग नाही, फक्त ती माणसंही मराठीच होती, याच चाळीतली होती, हे कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटतं.

माझगाव_डॉक
नाही दादा, बरोबर बोललात. माझ्या मामांनी पण लाल बावट्याच्या युनियनमध्ये हयात घालवली. लिहायला हवं होतं मी.

सायन_ते_सीएसटी
माझ्या आजेसासूबाई ८८ वर्षांच्या. २४ ला पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरून मत द्यायची सोय होती, बारा डी फॉर्म भरला, माणसं घरी आली, पुठ्ठ्याचा आडोसा करून दिला. त्यांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर गॅलरीत काढलं. पणतू हट्टाने आत राहिला तर त्यालाही उचलून बाहेर दिला. तुमच्या आजीचं वाक्य वाचलं आणि त्यांचाच चेहरा आला डोळ्यांसमोर.

शिवडी_क्रॉसरोड
डोंबिवलीला गेल्यावर मतदार यादीचं काय करणार ताई? माझं नाव मागच्या वेळी यादीतच नव्हतं, दोन शाळा फिरलो आणि मत न देता परत आलो, आयुष्यात पहिल्यांदा. बायकोच्या बोटाला शाई आणि माझं बोट कोरं, फार वाईट वाटलं. म्हणून सांगतो पत्ता बदलायला फॉर्म ८ ऑनलाइन होतो, वेळेत करा. आणि बिल्ल्याचा फोटो टाका.

लालबागची_लेक
फोटो टाकते, आधी गंज खोबरेल लावून पुसतेय. भोईवाडा दादा, तुमचं वाचून आईला बिल्ला दाखवला. ती म्हणाली सासूबाई दर दसऱ्याला ट्रंक उघडायच्या आणि कोणाला जवळ येऊ द्यायच्या नाहीत, मला वाटायचं दागिने असतील.

फॉर्म ८ आत्ताच भरला, रेफरन्स नंबर आला. माझा आणि आईचा दोघींचा. तिचं १९७७ पासूनचं प्रत्येक मत याच शाळेत, याच जिन्याखालच्या वर्गात. फॉर्म भरलाय हे तिला अजून सांगितलं नाहीये.