वरच्या दाढांची कामं आणि भरून येणारा खांदा: लूप्स (जवळचं मोठं दिसणारा भिंगांचा चष्मा) घेऊ का?

लालबागची डेंटिस्ट: चाळीतल्या छोट्या गाळ्यात क्लिनिक आहे. वरच्या मागच्या दाढांची आरसीटी (रूट कॅनल) असली की उजवा खांदा आणि मान भरून येते. संध्याकाळी लोकलमध्ये वरची कडी धरायला हात उचलवत नाही. जागा नसल्याने खुर्चीचं हेडरेस्ट भिंतीला जवळजवळ टेकलंय. लूप्सने फरक पडेल का?

मुलुंडची डेंटिस्ट: ताई, लूप्स घ्याच, पण आधी ती भिंत सोडवा. पेशंटचं तोंड म्हणजे घड्याळ धरलं, तर डोक्यामागे, बाराच्या पोझिशनला स्टूल जात नसेल तर तुम्ही दिवसभर नऊच्या बाजूला, म्हणजे पेशंटच्या उजवीकडे, कमरेतून पिळून बसणार. मग लूप्स काय करतील?

वरच्या दाढांना खुर्ची पूर्ण आडवी, हेडरेस्ट मागे कलवून हनुवटी वर, आणि काम आरशातून. पेशंट बसल्या बसल्या खाली घसरतो. "डोकं वर सरकवा, अगदी टोकापर्यंत" हे मी प्रत्येकाला सांगते. गरोदर बाई किंवा आडवं झाल्यावर दम लागणारे सोडले, तर कुणाच्या "जरा उठवा ना"वर पाठ उचलून देत नाही. त्या दोन इंचांसाठी पुढचा तासभर आपली मान वाकते. खालच्या दाढांना मात्र पाठ थोडी वर, हनुवटी खाली. कोपर अंगापासून सुटलं की समजा, खुर्ची फार उंच आहे.

लूप्समध्ये मॅग्निफिकेशनपेक्षा खाली बघण्याचा कोन महत्त्वाचा. तो कमी पडला तर महागड्या लूप्समागेही मान झुकतेच. मापं स्वतःच्या स्टूलवर, रोजच्यासारखं बसून द्या.

फिजिओ, ठाणे: डोक्याचं वजन साधारण 5 किलो, जितकं पुढे झुकेल तितका मानेवर भार वाढतो. वाक 20 अंशांच्या आत ठेवा. रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर व्यायामावर न थांबता तपासून घ्या.

असिस्टंट, परळ: मॅडम, आमचंही बघा. सक्शन धरून आम्ही उभ्यानेच वाकतो, कंबर जाते. आम्हाला डॉक्टरांपेक्षा थोडं उंच स्टूल आणि पाय टेकायला रिंग हवी.

लालबागची डेंटिस्ट: खुर्ची भिंतीपासून सरकवायची तर पाण्याची लाइन खुर्चीखालीच आहे, रविवारी प्लंबरला बोलावते. असिस्टंटचं स्टूलही आणते. माझ्याकडची मुलगी उभीच असते.