मोठ्या ट्युनासाठी स्टँड-अप रॉड स्वतः बांधतोय: गाइड वर ठेवू की फिरवून खाली घेऊ?

खारा_वारा

नमस्कार मंडळी. आजवर हलके स्पिनिंग रॉड बांधले, जड कामाचा हा पहिलाच. बोटीवर उभं राहून, कमरेला बेल्ट आणि पाठीला हार्नेस लावून मोठा ट्युना ओढायचा आहे. ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती काठी, ५ फूट ९ इंचांचा, ग्लास आणि कार्बन मिश्र, ८० पाउंड लाइनसाठीचा. रील दोन स्पीडचं, लिव्हर ड्रॅगवालं (ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक). त्यावर बहुतेक ब्रेड (विणलेली लाइन) आणि पुढे मोनोचा (एकपदरी नायलॉन लाइनचा) टॉप शॉट, म्हणजे जोडलेला पुढचा तुकडा.

काही जण म्हणतात आधी ब्लँकचा स्पाइन (त्याची सर्वात कडक बाजू) शोध, मगच गाइड (लाइन ओवायच्या कड्या) लाव. काही म्हणतात गाइड सरळ वर नको, स्पायरल कर, म्हणजे ब्लँकभोवती फिरवत खाली ने. रोलर (फिरत्या चाकाचे गाइड) घ्यावेत की साध्या रिंगचे, तेही ठरत नाही. शिवाय ॲल्युमिनियमची रील सीट (रील बसवायची नळी) ब्लँकवर बरीच ढिली बसते. हलक्या रॉडला मी मास्किंग टेप गुंडाळून जागा भरायचो, इथे तेवढं पुरेल का? आणि नशिबाने खरंच मोठा मासा लागलाच तर रॉड आयजीएफएच्या (मासेमारीचे विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात बसणारा हवा.

दोरागुंडी

दादा, सुरुवात वजनापासून करा, दोरा खूप नंतर येतो.

८० पाउंड म्हणजे आयजीएफएच्या वर्गवारीतली ३७ किलोची लाइन. स्ट्राइकचा (मासा लागतानाचा) ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या एक तृतीयांशाच्या आतच ठेवतात, म्हणजे फार तर १२ किलो. हे १२ किलो तुमच्या हातावर किती होतात ते बघा. बेल्टमधलं जिंबल (रॉडचं बूड टेकवायची वाटी) हा टेकू, पुढचा हात तिथून समजा ६५ सेंमीवर. मासा बोटीखाली खोल गेलाय, लाइन सरळ खाली. रॉड न वाकता आडवा राहिला तर टोक जिंबलपासून १७५ सेंमीवर, आणि हाताला ३२ किलो पेलावे लागतात. साडेसात फुटी रॉड असता तर ४२. पण तुमचा ब्लँक छान वाकून टोक आडव्या अंतरात ११० सेंमीवर आलं, तर तोच मासा हाताला २० किलोचा लागतो. स्टँड-अप रॉड आखूड ठेवतात आणि त्याचा वाक पार मुठीपर्यंत येऊ देतात, ते याचसाठी. वाकतच नाही असा रॉड हौसेने घेऊन कंबर धरून बसलेली माणसं बघितली की फार वाईट वाटतं. तुमचा मिश्र ब्लँक योग्य आहे. निव्वळ कार्बन हलका असतो, पण रेलिंगवर आपटून चरा पडला की भार आल्यावर तिथूनच जातो.

स्पाइनच्या मागे लागू नका. ब्लँक हातात फिरवून बघा, कुठल्या बाजूने तो सर्वात सरळ दिसतो ते ठरवा, पुरे. भाराखाली रॉड हातात फिरायला बघतो तो पीळ स्पाइनमुळे बसत नाही, गाइड वर असल्यामुळे बसतो. ताण आला की वरून जाणारी लाइन ब्लँकच्या खाली जायला बघते आणि रिंगला बाजूला ढकलते. रिंग ब्लँकपासून जितकी उंच, तितका पीळ जास्त. स्पाइन कुठल्याही बाजूला ठेवा, हे होणारच. स्पिनिंग रॉडवर तुम्हाला हे कधी जाणवलं नसेल, कारण तिथे रील आणि गाइड आधीच खाली लटकलेले असतात. हार्नेस अडकवला की पीळ बराच आवरतो हे खरं, पण मासा लागल्यापासून हार्नेसचे हूक रीलला लागेपर्यंत सगळं मनगटावर असतं, आणि तेव्हाच मासा सर्वात जोरात पळतो.

म्हणून मी जड रॉड स्पायरलच बांधतो. पहिला गाइड वर, दुसरा साधारण ६० अंश बाजूला, तिसरा १२० अंशांवर, चौथ्यापासून टोकापर्यंत सगळे बरोबर खाली. दिसायला विचित्र वाटेल. एकदा ताण देऊन बघा, रॉड हातात शांत बसतो.

रोलर की रिंग? तुमच्या रीलवर ब्रेड आहे, तर रिंग. रोलर आणि चौकट यांच्यातल्या फटीत ब्रेड शिरली तर संपलं. टॉप शॉटची जोडणीही रोलरमधून अडखळत जाते. ट्रोलिंगला (चालत्या बोटीमागे लाइन ओढताना), जाड मोनोवर रोलर उत्तम काम करतात, मात्र त्यांना नियमाने धुणं आणि तेल लागतं. मिठाने अडकलेला रोलर साध्या रिंगपेक्षा वाईट, कारण लाइन एकाच जागी घासत राहते. दोन पायांचे (पाय म्हणजे ब्लँकवर दोऱ्याने बांधायची पट्टी), जाड चौकटीचे, सिलिकॉन कार्बाइड रिंगचे गाइड घ्या. रिंग टॉप शॉटची गाठ जाईल एवढीच मोठी असू द्या. मोठ्या गाइडचा पाय लांब, आणि पायाखालचा ब्लँक वाकत नाही, सगळा ताण पायाच्या टोकाशी गोळा होतो.

त्या पायाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जड रॉडचं आयुष्य इथे ठरतं. कारखान्यातून आलेल्या पायाचं टोक बोथट असतं, खालच्या कडेला बारीक कूस, म्हणजे धातूची टोकदार धार, असते. रॉड वाकला की ती कूस ब्लँकमध्ये रुतते. प्रत्येक पाय कानशीने घासून टोकाकडे पातळ उतरता करा, म्हणजे दोरा पायरी न पडता वर चढेल. खालची बाजू बारीक पॉलिश पेपरवर ओढा आणि नखाने चाचपून बघा. पाय ब्लँकवर डुगडुगत असेल तर दोऱ्याने आवळून सरळ करू नका, आधी पाय वाकवून नीट बसवा. त्याखाली दोऱ्याचा एक थर अंडररॅप म्हणून द्या, ए किंवा डी जाडीचा, आणि वरून गाइड बांधायला डी.

पण बांधण्याआधी भार देऊन बघायचंच. गाइड टेपने तात्पुरते चिकटवा, लाइन ओवा, बूड टेबलाला कापड गुंडाळून ४५ अंशांत घट्ट बांधा आणि लाइनला स्प्रिंग काटा लावून हळूहळू ओढा. डोळ्यांवर गॉगल हवाच. लाइन आणि बुडाकडचा भाग यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा लहान होऊ देऊ नका, नाहीतर सगळा भार टोकावर येऊन चांगला ब्लँकही मोडतो. लाइन ब्लँकच्या वाकाबरोबर चालली पाहिजे. जिथे ती दोरीसारखी सरळ जाऊन वाक कापते, तिथे गाइड हवाय.

रील सीटला मास्किंग टेप अजिबात नको. टेप पाणी पितो, भाराखाली दबतो, आणि एक दिवस मासा लागलेला असताना सीट ब्लँकवर गरकन फिरते. पीयू फोमचे किंवा ग्रॅफाइटचे आर्बर (जागा भरायच्या कड्या) मिळतात ते वापरा. नाहीतर फायबरग्लासची जाळीदार टेप गुंडाळा, तिच्या भोकांतून इपॉक्सी आरपार जाते. सीट आतून आणि ब्लँक बाहेरून खरवडा, अल्कोहोलने पुसा, सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी वापरा. पाच मिनिटांवाला नको. इपॉक्सी ओला असतानाच रॉडच्या बुडावरच्या जिंबलची फुलीसारखी खाच आणि रीलचा पाय एका रेषेत आहेत का ते बघा. तिथे तिरकं बसलं तर बेल्टमध्ये रील कायम एका अंगाला कललेलं राहील.

नियमाचं म्हणाल तर रीलच्या मध्याखालून मोजायचं: टोकाकडे किमान १०१.६ सेंमी, बुडाकडे जास्तीत जास्त ६८.५८ सेंमी. रीलचा मध्य बुडापासून ४० सेंमीवर घेतलात तर पुढे १३५ उरतात. निश्चिंत राहा.

ओहोटी

दोरागुंडींनी फिनिशला (दोऱ्यावरच्या इपॉक्सीच्या थराला) हात लावला नाही, म्हणून मी लिहितो. साधा नायलॉन दोरा इपॉक्सी प्यायला की गडद आणि पारदर्शक होतो. लोक रंग टिकवायला कलर प्रिझर्व्हर लावतात. पण प्रिझर्व्हर आत शिरला की इपॉक्सी दोऱ्यात शिरत नाही, वर नुसता कवच म्हणून बसतो. जड रॉडवर मला ते पटत नाही. रंग हवाच असेल तर आधीच प्रक्रिया केलेला एनसीपी दोरा घ्या, किंवा काळा वापरा आणि प्रश्नच मिटवा.

इपॉक्सीचे दोन्ही भाग सिरिंजने अगदी सारखे मोजा, सावकाश ढवळा आणि लगेच फॉइलवर पसरा. कपात साचून राहिला की स्वतःच्या उष्णतेने लवकर घट्ट होतो. पहिला हात पातळ, दोऱ्यात मुरेल असा. बुडबुडे दिसले तर ज्योत लांबूनच फिरवा. दमट हवेत काम टाळा, पृष्ठभागावर चिकट थर येतो.

खारा_वारा

दोघांचे मनापासून आभार. सीटसाठी जाळीची टेप आणली. टोकाचा गाइड मोजून एकूण नऊ गाइड तात्पुरते लावून स्पायरल केलं आणि १० किलोपर्यंत ओढलं. पुढचा भाग सुरेख दिसतो. फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या गाइडच्या मध्ये लाइन ब्लँकच्या अंगाला घासते. गाइड उंच घेऊ का?

दोरागुंडी

उंच नको. वळणाच्या जागी लाइन ब्लँकच्या कडेवरून जाते, तेव्हा तिथे अंतर कमी ठेवावं लागतं. तिसरा गाइड रीलकडे तीन-चार सेंमी सरकवा आणि पुन्हा १० किलो द्या. तरी घासली तर त्या दोघांच्या मध्ये ९० अंशांवर आणखी एक लहान गाइड घाला, दहा झाले तरी हरकत नाही. तिसरा सरकला की चौथ्यापर्यंतचं अंतर वाढेल, तेही तपासा. पूर्ण १२ किलोवर लाइन कुठेच टेकत नाही हे दिसलं की पेन्सिलीने खुणा करा, टेप काढा आणि पाय घासायला घ्या.