लॅपटॉप वारंवार गोठतो : फॉरमॅट करूनही फरक नाही

प्रश्न : रामबागची अक्षरजुळणीकार, इंदूर

नमस्कार. माझ्याकडे २०१९ साली घेतलेला लॅपटॉप आहे. प्रोसेसर आठव्या पिढीचा इंटेल आय-५, रॅम ८ जीबी, डिस्क १ टीबीची साधी फिरती हार्डडिस्क आणि प्रणाली विंडोज १०. घरबसल्या मराठी अक्षरजुळणीची कामे करते आणि सध्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेची पाने लावण्याचे काम हाती आहे.

मे महिन्यापासून हा लॅपटॉप काम करता करता मध्येच गोठतो. सुरुवातीला आठवड्यातून एखादे वेळी होत असे. आता दिवसातून पाच-सहा वेळा होते. माउसचा बाण हलतो, पण कशावरही क्लिक केले तरी काही उघडत नाही, खिडकी फिकट पांढरी होते आणि डिस्कचा छोटा दिवा न लुकलुकता सलग पेटलेला राहतो. कधी मिनिटभराने सारे आपोआप सुरळीत होते, तर कधी पंधरा मिनिटे वाट पाहूनही काही होत नाही आणि बटण दाबून धरून यंत्र बंद करावे लागते.

जून महिन्यात एका दुकानात दाखवले. त्यांनी व्हायरस असल्याचे सांगून फॉरमॅट करून दिले. आठ-दहा दिवस लॅपटॉप अगदी उत्तम चालला आणि पुन्हा तेच सुरू झाले. दुसऱ्या दुकानदाराने पाच मिनिटे पाहून मदरबोर्ड गेल्याचे सांगितले आणि जो खर्च सांगितला त्यात थोडी भर घातली तर जुना पण बरा लॅपटॉप येईल. यजमान म्हणतात की रॅम वाढवा. तीन माणसांची तीन निदाने झाली आणि स्मरणिका महिनाभरात छापायला द्यायची आहे. दोष नेमका कशात आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे, हे कोणी सांगू शकेल काय?

उत्तर : लष्करकर, ग्वाल्हेर

मे महिन्यात सुरू झाले म्हणता, तेव्हा माझा संशय सरळ उष्णतेवर आहे. आमच्या ग्वाल्हेरला तर उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दरवर्षी माझ्या ओळखीतले दोन-तीन लॅपटॉप त्यापायी आजारी पडतात. पाच-सहा वर्षांत पंख्याच्या तोंडाशी धुळीची गोधडी साचते, प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप वाळून जातो आणि हवा बाहेर पडेनाशी होते. यंत्र उघडून पंखा स्वच्छ करून घ्या, लेप नवा लावून घ्या आणि गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करू नका. याचा खर्च अगदी थोडा आहे, म्हणून सुरुवात येथूनच करावी, असे माझे मत आहे.

उत्तर : जुना दुरुस्तीकार, तिलकनगर, इंदूर

ताई, आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मे निदान त्यातच झाले आहे. लष्करकरांचा सल्ला चुकीचा नाही आणि पंखा स्वच्छ करून घेतल्याने नुकसान काहीच नाही. परंतु आपल्या प्रकरणात उष्णता हे मूळ कारण असेल असे मला वाटत नाही. प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे यंत्र संथ होते पण चालत राहते, आणि तापमान १०० अंशांच्या आसपासची मर्यादा ओलांडू लागले तर यंत्र फटकन बंद पडते. शिवाय आता पावसाळा लागून इंदूरची हवा चांगली गार झाली आहे, तरीही आपला त्रास कमी होण्याऐवजी वाढला आहे. उष्णता कारण असती तर जुलैमध्ये आराम पडायला हवा होता.

मी गोठलेल्या लॅपटॉपकडे पाहताना पहिला प्रश्न एवढाच विचारतो की गोठल्यावर नेमके काय काय जिवंत राहते. माउसचा बाण हलतो का, कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का, लावलेले गाणे पुढे सरकते का? बाणही थिजला, दिवाही बदलेना आणि आवाज एकाच ठिकाणी घरघरत अडकला, तर सारे यंत्रच थांबलेले असते आणि तेव्हा रॅम, ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा मदरबोर्ड यांच्याकडे पाहावे लागते. याउलट बाण हलतो, कॅप्स लॉकचा दिवा बदलतो, पण काहीही नवे उघडत नाही, तर प्रोसेसर आणि रॅम आपले काम करीत असून सगळे कोणाची तरी वाट पाहत ताटकळले आहेत, असा त्याचा अर्थ होतो. ज्याची वाट पाहिली जाते ती बहुतेक वेळा डिस्क असते, आणि आपला तो सलग पेटलेला दिवा नेमके हेच सांगत आहे.

फिरत्या हार्डडिस्कच्या तबकडीवरचा एखादा भाग खराब झाला की तेथील मजकूर वाचण्यासाठी डिस्क त्याच जागेवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, विंडोज तोवर थांबून राहते, आणि विंडोज थांबले की आपली पाने लावण्याची प्रणालीही थांबते. वाचन जमले तर मिनिटभराने सारे सुरळीत होते. नाही जमले तर आपल्याला बटण दाबावे लागते. फॉरमॅटनंतर आठ-दहा दिवस बरे का वाटले, याचेही उत्तर यातच आहे. दुकानात सहसा द्रुत फॉरमॅट करतात आणि त्यात तबकडीची तपासणी होतच नाही, फक्त नवी अनुक्रमणिका मांडली जाते. नव्या विंडोजच्या फायली निरोगी जागेवर पडल्या तोवर यंत्र चालले, आणि पुढे फायली वाढत जाऊन पुन्हा त्या दुखऱ्या भागावर पोचल्या. व्हायरसचा यात काही संबंध दिसत नाही.

आता हा तर्क पडताळून पाहावा. मात्र त्याआधी, म्हणजे आज रात्रीच, स्मरणिकेच्या फायली आणि घरचे फोटो बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. ते झाले की डिस्कची प्रकृती दाखवणारी क्रिस्टलडिस्कइन्फो ही मोफत प्रणाली चालवा आणि ०५, सी५, सी६ व सी७ या चार ओळींपुढील कच्चे आकडे येथे लिहा. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेल्या जागा, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाच्या प्रतीक्षेत असलेल्या जागा, सी६ म्हणजे तपासणीत न सुधारलेल्या जागा, आणि सी७ हा मुख्यतः जोडणीच्या वायरीतील दोषाचा आकडा आहे. त्याचबरोबर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील सिस्टम या विभागात, गोठण्याच्या वेळेच्या आसपास, डिस्क या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी आहेत का तेही पाहा. तेथे कर्नल-पॉवर ४१ ही लाल नोंद हमखास दिसेल. तिला घाबरू नका, कारण यंत्र नीट बंद झाले नव्हते एवढेच ती सांगते, कारण सांगत नाही.

एक कळकळीची विनंती आहे. कोणी चेक-डिस्क ही विंडोजमधील डिस्क तपासणी चालवून खराब जागा दुरुस्त करा असे सुचवले, तर फायली उतरवून होईपर्यंत ते मुळीच करू नका. ती तपासणी आजारी डिस्कला इकडून तिकडे तासन्‌तास पळवते, आणि मी त्यात डिस्क कायमची गेलेली पाहिली आहे.

प्रश्नकर्ती, रामबाग, इंदूर

आपण दोघांचेही आभार. स्मरणिकेचे फोल्डर उतरले. फोटोंचे एक फोल्डर मात्र मध्येच अडकते आणि उरलेला वेळ वाढतच जातो.

आकडे असे आहेत : ०५ समोर शून्य, सी५ समोर ६८, सी६ समोरही ६८ आणि सी७ समोर शून्य. वर पिवळ्या रंगात सावधानतेचा इशारा आहे. ७ क्रमांकाच्या नोंदी जुलै महिन्यातच तीसच्या वर आहेत आणि त्यांच्या वेळा माझ्या आठवणीतील वेळांशी जुळतात. कॅप्स लॉकचा दिवाही गोठलेल्या अवस्थेत बदलतो. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे यंत्रावरचा भार दाखवणाऱ्या खिडकीत, डिस्क १०० टक्के दाखवते, पण १०० टक्के तर यंत्र सुरू करतानाही दिसते. मग यातील खरे दुखणे कोणते समजावे?

आणखी एक आठवले. मे महिन्यात पुण्याला लग्नाला जाताना लॅपटॉप पूर्ण बंद न करता नुसते झाकण मिटून पिशवीत घातला होता, आणि उतरताना पिशवी फलाटावर आपटली होती.

उत्तर : जुना दुरुस्तीकार, तिलकनगर, इंदूर

निदान झाले असे आता म्हणता येईल. डिस्क खराब होत आहे, आणि मदरबोर्डला दोष देण्यासारखे काहीही दिसत नाही. सी७ शून्य असल्यामुळे जोडणीही ठीक असावी.

एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. ही प्रणाली कच्चे आकडे मुळात सोळाच्या पायावर दाखवते, आणि सेटिंग बदलल्याशिवाय ते दहाच्या पायावर येत नाहीत. म्हणून आपले ६८ म्हणजे सहा गुणिले सोळा अधिक आठ, अर्थात १०४ जागा होतात. चांगले शिकलेले लोकही येथे फसतात. ०५ शून्य आहे म्हणून समाधान मानू नये. डिस्कने अजून एकही जागा बदललेली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

टास्क मॅनेजरविषयीची आपली शंका रास्त आहे. फिरती डिस्क सुरुवातीला किंवा अपडेट चालू असताना १०० टक्के दिसतेच आणि तो रोग नव्हे. त्या १०० टक्क्यांच्या बरोबरीने वाचनाचा वेग पाहावा. डिस्क खरोखर काम करीत असेल तर वेग काही एमबी तरी असतो. डिस्क १०० टक्के, वेग जवळजवळ शून्य आणि सरासरी प्रतिसादकाळ हजारो मिलिसेकंद, असे तिन्ही एकत्र दिसले की डिस्क अडली आहे हे समजावे. यजमानांना सांगा की रॅम वाढवून हे बरे होणार नाही.

पिशवी आपटल्याने हे झाले असेलच असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण यंत्र खरोखर झोपले असते तर डिस्कही थांबलेली असते. पण झाकण मिटूनही अनेक लॅपटॉप जागे राहतात, आणि फिरत्या तबकडीला बसलेला धक्का वाईटच.

अडकलेले फोटोंचे फोल्डर एकदम ओढू नका. लहान लहान गटांनी उतरवा, जेथे अडते तो गट सोडून पुढे जा आणि अडलेले शेवटी पाहा. तसेही न जमल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली सुरू करून डीडीरेस्क्यू ही आज्ञा वापरावी लागेल. ती आधी निरोगी भाग उतरवून घेते, खराब जागांची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवते आणि मग त्या जागांवर परत येते. आपल्याला ते अवघड वाटले तर जाणत्या माणसाकडून करून घ्या. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कोणी सांगेल. तो करू नये, विशेषतः पावसाळ्यात, कारण बाहेर काढताच आत दव धरते.

पुढचा खर्च एवढाच : अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घ्या. लॅपटॉपमध्ये पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची एम-२ खाच असेल तर ती डिस्कही चालते, पण ती खाच साटा जोडणीची आहे की एनव्हीएमई या दुसऱ्या जोडणीची, हे आधी पाहावे लागते. जुनी डिस्क नव्यावर जशीच्या तशी उतरवू नका, कारण खराब जागांवरील तुटक्या फायलीही बरोबर येतील. विंडोज नव्याने टाका. परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने इंटरनेट लावताच तो सहसा आपोआप मान्य होतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो, तेव्हा टीपीएम ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय चालू करून ११ टाकणे मला योग्य वाटते.

उत्तर : मांडवीची मुद्रितशोधक, बडोदे

मध्येच लिहिते, क्षमस्व. ताई, फायली उतरल्या म्हणजे स्मरणिका वाचली, असे समजू नका. आपल्या व्यवसायात अजूनही युनिकोडपूर्व, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले जुने फॉन्ट चालतात, आणि तो फॉन्ट नसेल तर नव्या विंडोजमध्ये पानभर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. फॉन्ट फक्त विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात असेही नाही. विंडोज १० मध्ये एकाच वापरकर्त्यापुरता बसवलेला फॉन्ट त्याच्या खात्यातील अ‍ॅपडेटाच्या फोल्डरमध्ये जातो आणि ते फोल्डर एरवी लपलेले असते. दोन्हीकडचे फॉन्ट उतरवून घ्या, आणि पानांची एक पीडीएफ प्रत फॉन्ट आत बसवून आजच काढून ठेवा. मला हे गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाच्या ऐन शेवटच्या आठवड्यात कळले होते.

प्रश्नकर्ती, रामबाग, इंदूर

बडोद्याच्या ताईंचे उपकार कसे मानावे हे कळत नाही. मी फॉन्ट उतरवलेच नव्हते आणि त्यातील दोन खरोखरच त्या लपलेल्या फोल्डरमध्ये सापडले.

काल ५१२ जीबीची एसएसडी बसवून विंडोज ११ टाकून घेतले आणि त्याच वेळी पंखाही स्वच्छ करून घेतला. लष्करकरांनी म्हटल्याप्रमाणे आत खरोखर गोधडी निघाली. कालपासून लॅपटॉप एकदाही गोठलेला नाही आणि सुरू व्हायला पूर्वी जेथे चार मिनिटे लागत, तेथे आता वीस सेकंद पुरतात. फोटोंपैकी अकरा मात्र उघडत नाहीत. ते त्याच लग्नाचे आहेत, तेव्हा नातेवाइकांकडून मागवता येतील.

जुन्या डिस्कमध्ये घरचे बरेच काही आहे. ती भंगारवाल्याला दिली तर चालेल काय?

उत्तर : जुना दुरुस्तीकार, तिलकनगर, इंदूर

तशीच देऊ नका. निदान दोन महिने, स्मरणिका छापून हातात येईपर्यंत, ती कपाटात राहू द्या. एखादी फाइल राहून गेल्याचे नेहमी नंतरच लक्षात येते. त्यानंतर नष्ट करायची असेल तर जाड फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण अडीच इंची डिस्कमधील तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि त्यांचे अगदी बारीक तुकडे उडतात.