मदत हवी आहे: पुरात जनावरांच्या छावणीसाठी वैरणीचं नियोजन कसं करावं?

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात आम्ही काही पोरं पूर आला की गावं रिकामी करायला धावतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पण 39 ला माणसं हलतच नाहीत. गोठ्यात म्हशी असतात, त्यांना सोडून कोण निघणार? 2019 च्या महापुरात शेवटी दावी कापून जनावरं सोडावी लागली, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

जुन्या कपड्यांचे ढीग येतात, वैरण मात्र येत नाही. कुणी छावणी चालवली असेल तर सांगा: मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा आताच उंचावर साठवल्या तर टिकतील का? दुभत्या म्हशीमागं रोज किती धरायचा? जनावरांना घटसर्पाची (घसा सुजून श्वास कोंडणाऱ्या रोगाची) लस दिलीय. पण चार गावची जनावरं एकत्र बांधल्यावर लाळ्या-खुरकूत (तोंडाला-खुरांना फोड आणणारा साथीचा रोग) कसा रोखायचा? जवळपास कुणाची ट्रॅक्टर-ट्रॉली मिळेल का, तेही कळवा.