लाइट गेली, लाइट इली : एका इंग्रजी शब्दाचे किनाऱ्यावरचे अनुभव

गुहागरला आमचा छोटा होमस्टे आहे. मागच्या आठवड्यात पुण्याचे एक काका-काकू उतरले होते. दुपारी मोदकांवर यथेच्छ ताव मारून झाल्यामुळे संध्याकाळी काका म्हणाले, "वहिनी, रात्री आम्हाला लाइटच चालेल." मी म्हटलं, "चालेल ना, रात्रभर चालेल. गेली तरी इन्व्हर्टर आहे." ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. काकू मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी मऊ भात, मेतकूट आणि तूप यावर निभावलं.

तेव्हापासून माझे कान या शब्दाकडे लागलेत. सकाळी लाइटचं बिल आलं. दुपारी सासूबाई म्हणाल्या, पडद्याचा रंग लाइट घे, मळला तरी चालेल (उलट हवं होतं, पण बोलणार कोण). पाहुण्यांना अंजनवेलला लाइटहाऊस बघायला रिक्षा करून दिली. संध्याकाळी मुलाला अभ्यासावरून बोलले, तर तो म्हणाला, "लाइट घे गं आई." एका दिवसात एवढं! तर किनाऱ्यावरच्या मंडळींनी आपापल्या 'लाइटी' इथे लिहा. डिक्शनरी नको, अनुभव हवेत.

हर्णै

वहिनी, तुमच्याकडे लाइट म्हणजे जेवण, आमच्याकडे लाइट म्हणजे भांडण. बंदरावर 'लाइटवाला आला' म्हटलं की समोरचा एलईडीवाला. बोटीवर जनरेटर, पाण्यावर आणि पाण्याखाली दिवे. म्हाकूल, बांगडा उजेडाला जमा होतो, मग एकाच वेळी सगळा थवा घेरायचा. अशा मासेमारीवर केंद्राने 2017 सालीच बंदी घातलीय. तरी अंधाऱ्या रात्री बाहेर बघा, समुद्रात शहर वसल्यासारखं दिसतं. आमची होडी लहान, जाळी साधी. रात्रभर राबून सकाळी डिझेलचे पैसे सुटत नाहीत तेव्हा बायको विचारते, "आज काय?" मी म्हणतो, "आज लाइट." म्हणजे टोपली हलकी. हा अर्थ आमच्या घरातलाच, कुठल्या पुस्तकात नसेल.

आणखी एक लाइट आहे, ती मात्र देवासारखी. माझा बाप तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण लांबवर लाइटहाऊसचा झोत दिसला की तो तोंडाने आकडे मोजायचा. प्रत्येक लाइटहाऊसची उघडझाप वेगळी असते, दोन झोतांमधले सेकंद मोजले की आपण कुठे आहोत ते कळतं. मी लहानपणी मध्येच बोललो की पाठीत धपाटा. आता मोबाइलवर सगळं दिसतं, तरी झोत दिसला की मी अजून मोजतो. बोटींच्या लाइटीही त्यानेच शिकवल्या: डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवी. समोर दोन्ही एकदम दिसल्या तर ती बोट थेट तुझ्या अंगावर येतेय, बाजूला हो.

रत्नागिरी

मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक. डिक्शनरी नको म्हणालात म्हणून गप्प बसणार होतो, पण हर्णैच्या भाऊंची हलकी टोपली वाचून राहवेना. भाऊ, तुमचा अर्थ पुस्तकात आहे, आणि तोही आपल्या ओळखीचा. इंग्रजीत हे मुळात दोन वेगळे शब्द. उच्चार घासून घासून एक झाले. उजेडाचा लाइट आपल्या संस्कृतातल्या 'रुच्' धातूचा भाऊबंद, ज्यावरून रोचन, रुची आले. आणि हलका तो लाइट म्हणजे आपल्या 'लघु'चा चुलतभाऊ. काकांचं जेवण लघु, वहिनींचा इन्व्हर्टर रोचन, दोघांचंही बरोबर.

हे मी वर्गात तीसेक वर्षं शिकवलं. एकदा फळ्यावर 'अलाइट' लिहून विचारलं, अर्थ काय? मागच्या बाकावरचा मिऱ्याचा एक मुलगा म्हणाला, "सर, लाइट नसलेला." असाधारणमधला 'अ' त्याने इंग्रजीला लावला होता! मी हसलो नाही, तर्क शुद्ध होता. अलाइट म्हणजे गाडीतून, घोड्यावरून खाली उतरणे. आपण उतरलो की घोड्याचं ओझं हलकं होतं, म्हणून तोही लघुच्याच घरातला.

लाइटर म्हटलं की सगळ्यांना सिगारेट आठवते, पण बंदरात लाइटर म्हणजे मोठ्या जहाजाचा माल उतरवून घेणारी सपाट बोट, जहाज हलकं करणारी. पूर्वी मुंबईहून कोकणात आगबोटी येत तेव्हा त्या धक्क्याला लागत नसत, बाहेर खोल पाण्यात उभ्या राहत. मग किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे होड्या जायच्या. ट्रंका, बोचकी, कडेवरची मुलं, ओकाऱ्यांनी अर्धमेल्या झालेल्या बायका, सगळं हातोहात पडावात. आमची आई सांगायची, तिच्या लग्नातलं एक तांब्याचं घंगाळ त्या देवघेवीत समुद्राला गेलं. ते जहाजही तेवढंच लाइट झालं म्हणायचं.

चिपळूण

आमच्या धंद्यात साधं आहे. लाइट लायसन म्हणजे छोटी गाडी, हेवी लायसन म्हणजे ट्रक-बस. कायद्यात साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी 'लाइट'. सात टनाची गाडी ज्याने हलकी ठरवली, त्याने ती एकदा कुंभार्ली घाटात पावसात चढवून दाखवावी. आणि घाटात 'लाइट दे' म्हणजे अप्पर-डिप्पर मार. समोरच्याने लाइट दिली म्हणजे 'तू ये' म्हणतोय की 'मी येतोय, थांब' म्हणतोय, हे तीस वर्षांत मला नक्की कळलेलं नाही.

पेण

गणपतीच्या कारखान्यात काम करते. आमच्यात लाइट म्हणजे हात. "लाइट मार" म्हणजे स्प्रेची फवारणी लांबून, हलकी. गालावरची लाली लाइट नाही जमली तर बाप्पा थप्पड खाल्ल्यासारखा दिसतो. यापेक्षा जास्त लिहायला वेळ नाही, ऑर्डरी आहेत.

कुडाळ

आमच्या गावच्या जत्रेत दशावतार होता. पूर्वी पेट्रोमॅक्सच्या बत्तीवर रात्र काढायचे, आता हॅलोजन. मध्यरात्री दोन राजांचं युद्ध ऐन रंगात, आणि लाइट गेली. मिट्ट काळोख. पोरं शिट्ट्या मारायला लागली. पेटीवाला थांबला नाही, मृदंगही चालू. अंधारातून एका राजाचा आवाज आला, "अरे दुष्टा, माझ्या तेजान तुझे डोळे दिपले ना?" दुसरा राजा क्षणभर गप्प. मग म्हणाला, "माझे नाय, गावाचे दिपले! आता बिल कोण भरतलो ता सांग!" लोक हसून लोळले. कोणीतरी मोटरसायकली आणून हेडलाइट रंगमंचावर मारले आणि त्या उजेडात युद्ध पुरं झालं. पहाटे खरी लाइट इली तेव्हा कोणाला तिची गरज नव्हती, तरी सगळ्यांनी "इलीऽऽ" करून ओरडून घेतलं. ते ओरडणं सक्तीचं असतं.

आमच्या भाषेत ती बाई आहे, हे लक्षात घ्या. मुंबईचे पाहुणे 'लाइट गेले' म्हणतात, पुष्कळ असल्यासारखे. आमच्याकडे ती एकटीच, माहेरवाशिणीसारखी. येते, जाते, आणि कधी येणार ते सांगत नाही.

श्रीवर्धन

कुडाळच्या दादांचं वाचून हसले आणि मग आठवलं. 3 जून 2020, निसर्ग वादळ. आमची सुपारीची वाडी दोन-तीन तासांत आडवी झाली, पत्रे कुठल्या कुठे गेले, विजेचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडले. आमच्या आळीत महिनाभर वीज नव्हती. मोबाइल चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग, विहिरीचं पाणी पुन्हा रहाटाने.

त्या महिन्यात मला आजीची एक सवय नीट कळली. आजी नव्वदीची. 'दिवा विझव' असं ती कधीच म्हणत नाही, ते अशुभ. दिव्याला निरोप दे, दिवा शांत कर, असं म्हणायचं. नातवंडांपैकी कोणी 'दिवा गेला' म्हटलं तर तिथल्या तिथे दटावणार. पण तीच आजी 'लाइट गेली गं' दिवसातून दहादा बिनधास्त म्हणायची. लाइट जाऊ दे, मरू दे, खड्ड्यात जाऊ दे, तिला काही वाटत नसे. इंग्रजी शब्दाला शकुन-अपशकुन नाहीत!

मग मी लक्ष ठेवलं. वीज आली त्या संध्याकाळी ओटीवरचा बल्ब लागला, तशी आजीने कपाळाला हात लावून नमस्कार केला, नेहमी करते तसा, आणि आईला म्हणाली, "अगं, देवापाशीही दिवा लाव." म्हणजे उजळताना तो दिवा, जाताना ती लाइट. मी हे आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग? जाणाऱ्याला का कोणी घरातलं नाव देतं?" आणि बल्बभोवती जमलेली पाखरं जेवणात पडतील म्हणून मला तो बंद करायला लावला. "लाइट घालव," म्हणाली.