सी-२बी शेरा आला म्हणून व्यवहार मोडू नका
१९८९ च्या इमारतीतला फ्लॅट घेताय आणि स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत) 'सी-२बी' आलंय, घ्यावा का, असं विचारलंत. सी-२बी म्हणजे रहिवाशांना न हलवता दुरुस्ती होऊ शकते. इमारत रिकामी करावी लागते ती सी-१ आणि सी-२ए मध्ये.

मला काळजी वाटते ती ऑडिटमधल्या हाफ-सेलच्या, म्हणजे काँक्रीटमधली सळई गंजतेय का हे बघणाऱ्या विजेच्या चाचणीच्या आकड्यांची. रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे (उणे ४०० वगैरे) असेल तर आतली सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. हे आकडे पार्किंगमधल्या कॉलमना आले असतील तर नुसतं प्लास्टर करून भागणार नाही.

आम्ही डोंबिवलीत फ्लॅट बघितला तेव्हा छत नुकतंच रंगवलेलं होतं. बाथरूममध्ये स्टुलावर चढून किल्लीने ठोकलं तर आवाज पोकळ, आणि बीमच्या खालच्या कडेने सरळ तडा. केसासारखा वेडावाकडा तडा बहुतेकदा प्लास्टरचाच असतो. सळईच्या रेषेत जाणारा मात्र इंजिनिअरला दाखवाच.

आणि सोसायटीकडून लेखी घ्या: दुरुस्तीचा ठराव झालाय का, दर फ्लॅटमागे किती वर्गणी, विकणाऱ्याने भरली का. राहिली असेल तर ती किमतीतून वजा करून मागा, अजिबात संकोच नको.