मदत हवी आहे : महागाईचा प्रश्न नेमका कसा विचारावा?

सर्वसामान्यांची अर्थशास्त्राची समज तपासायला १२ प्रश्नांची चाचणी तयार करत आहोत. 'बचतीवर व्याज १ टक्का, महागाई २ टक्के. वर्षाने त्या पैशांत जास्त वस्तू येतील, तितक्याच की कमी?' हा प्रश्न ठीक चालतो. अडचण पुढच्या प्रश्नाची आहे. महागाईचा दर ८ वरून ५ टक्क्यांवर आला म्हणजे किमती उतरल्या, असं अनेकांना वाटतं; खरं तर त्या वाढतच असतात, फक्त सावकाश. हीच चूक पकडायची आहे. चूक-बरोबर स्वरूपात नुसत्या अंदाजाने निम्मे गुण मिळतात, म्हणून चार पर्याय आणि वेगळं 'माहीत नाही' ठेवलंय. पण 'दर' म्हटलं की 'भाव' असाच अर्थ घेतला जातो, मग परीक्षा भाषेची होते. 'दर' शब्द टाळून हा प्रश्न कसा मांडाल?